रेडऑक्साइड लागलेला शिशाचा तुकडा : पोलादी टार्गेटवरून परतलेल्या गोळीचे एक प्रकरण

कोल्हापूर शहराबाहेरच्या एका खासगी नेमबाजी क्लबच्या उघड्या रेंजवर, उन्हाळी शिबिराच्या समारोपादिवशी, .22 (म्हणजे नळीचा आतला व्यास सुमारे 0.22 इंच असलेल्या) पिस्तुलातून 10 मीटरवरच्या पोलादी थाळीवर झाडलेल्या गोळीचा एक तुकडा उलटा आला आणि फायरिंग लाइनच्या मागे उभ्या असलेल्या एका पालकाच्या उजव्या गालात, खालच्या पापणीपासून जेमतेम बोटभर अंतरावर, रुतला. जखम लहान होती. एक्स-रे काढून, तुकडा बाहेर काढून आणि धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन त्यांना त्याच संध्याकाळी घरी सोडण्यात आले. क्लबच्या नोंदवहीत घटनेचे कारण ‘दुर्दैवी योगायोग’ असे लिहिले गेले. समितीतल्या दोघा-तिघांचे त्या दोन शब्दांवर समाधान झाले नाही, म्हणून पाहणीसाठी मला बोलावण्यात आले. फौंड्रीतल्या मालाची तपासणी हा माझा पेशा आणि नेमबाजी हा जुना नाद, एवढेच त्यामागचे कारण. क्लबचे व संबंधितांचे नाव येथे दिलेले नाही आणि प्रकरण समजण्यासाठी त्याची गरजही नाही. परवान्यांची कागदपत्रे व्यवस्थित होती, तेव्हा तो विषयही बाजूला ठेवतो.

योगायोगाचे स्पष्टीकरण मला मान्य नाही. शिशाची गोळी पोलादावर आपटल्यानंतर तिचे तुकडे कोठे जातील हे थाळीचा पृष्ठभाग, थाळीचा कल आणि थाळीच्या आजूबाजूला काय उभे आहे या गोष्टींवर ठरते. या तिन्ही गोष्टी घटनेच्या आधीपासून डोळ्यांसमोर होत्या आणि त्यांच्या खुणा घटनेनंतरही लोखंडावर स्पष्ट वाचता येत होत्या.

पार्श्वभूमी

कोल्हापूरची नेमबाजी ही कागदी आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटची नेमबाजी आहे. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत 50 मीटर रायफल प्रोनमध्ये (पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात) सुवर्ण मिळवले, राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून व उभे राहून) कांस्य मिळवले. या सर्व प्रकारांत गोळी टार्गेटमधून आरपार जाते आणि मागच्या बुलेट ट्रॅपमध्ये किंवा मातीच्या भरावात विसावते. ट्रॅपमध्येही पोलादी पत्रा असतोच, पण तो तिरपा बसवलेला असतो, जेणेकरून गोळी खालच्या वाळूत किंवा पेटीत ढकलली जावी. अशा परंपरेत तयार झालेल्या कोचची नजर नेमबाजाचा पवित्रा, श्वास, चाप ओढण्याची पद्धत यांवर पक्की बसलेली असते. टार्गेटला लागल्यानंतर गोळीचे पुढे काय होते, याची चिंता करण्याची वेळ त्याच्यावर सहसा येत नाही. मला वाटते, या प्रकरणाची मुळे तिथपर्यंत जातात.

पोलादी थाळ्यांची कल्पना क्लबमध्ये आली ती मोबाइलवरच्या परदेशी व्हिडिओंमधून. तिचे आकर्षण खोटे म्हणता येणार नाही. नेम लागला की ‘टण्’ असा आवाज होतो, स्कोअर पाहायला दुर्बीण लागत नाही, आणि कागदावरच्या काळ्या ठिपक्याला कंटाळलेली मुले तासभर हलत नाहीत. शिबिरासाठी सहा थाळ्या बनवायचे ठरले आणि काम उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडे गेले.

थाळ्या आणि चौकट

प्रत्येक थाळी 200 मिलीमीटर व्यासाची, 10 मिलीमीटर जाडीची आणि साध्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलादाच्या) प्लेटची होती. पाच थाळ्या ऑफकटमधून (कापून उरलेल्या तुकड्यांतून) गॅसने कापलेल्या होत्या. सहावी, म्हणजे डावीकडून मोजल्यास चौथी, भंगारातून आलेल्या एका जुन्या तुकड्याची होती आणि तिच्यावर आधीच कोणीतरी मोठ्या रायफलचे बार टाकलेले होते. तिच्यावर करंगळीचे टोक बसेल असे तीन खड्डे होते आणि प्रत्येक खड्ड्याभोवती धातू वर येऊन कडे तयार झाले होते. फॅब्रिकेटरने खड्ड्यांवर पांढरा रंग मारून माल दिला होता. सर्व थाळ्या 50 मिलीमीटरच्या अँगलच्या (काटकोनात वळलेल्या लोखंडी पट्टीच्या) चौकटीवर उभ्या, अगदी ओळंब्यात, वेल्डिंगने व नटबोल्टने पक्क्या केल्या होत्या. बोल्टची षटकोनी डोकी पुढच्या बाजूला होती. दोन थाळ्यांच्या मध्ये अँगलचा एकेक खांब होता आणि त्याचा आतला काटकोन फायरिंग लाइनकडे उघडा होता. चौकटीला, आपल्याकडे सर्रास देतात तसा, रेडऑक्साइडचा, म्हणजे गंजरोधक लाल रंगाचा, हात दिलेला होता. हा रंग पुढे महत्त्वाचा ठरला.

फॅब्रिकेटरशी मी बोललो तेव्हा तो जराही ओशाळला नाही, आणि त्याचे म्हणणे मला रास्त वाटले. तो म्हणाला, “सायेब, त्यांनी थाळ्या मागितल्या, म्या थाळ्या दिल्या. गोळ्या मारणार हायसा म्हणून कुणी बोललं न्हाई बघा. बोलला असता तर असला तुकडा लावलाच नसता.” ऑर्डरच्या चिठ्ठीवर खरोखरच व्यास, जाडी, नग आणि रंग एवढेच लिहिलेले होते.

ज्या गावात बीएचएन (ब्रिनेल हार्डनेस नंबर, म्हणजे धातूचा कडकपणा सांगणारा आकडा) म्हणजे काय हे शिकाऊ पोराला विचारले तरी सांगता येते, त्या गावात टार्गेटच्या पोलादाची हार्डनेस कोणीही विचारली नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. साध्या एमएसची ब्रिनेल हार्डनेस साधारण 120 ते 150 च्या घरात असते. टार्गेटसाठी जगभर वापरले जाणारे पोलाद पाणी दिलेले (तापवून झटक्यात थंड करून कडक केलेले), सुमारे 500 ब्रिनेलचे असते. डंपरच्या हौद्यात आणि क्रशरच्या लायनरमध्ये झीज रोखण्यासाठी जी कडक प्लेट बसवतात, तिच्या जातीचे. फरक केवळ टिकाऊपणाचा नाही. कडक आणि सपाट पृष्ठभागावर शिशाची गोळी चिरडून तिचा चुरा होतो आणि तो चुरा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, चारी बाजूंना पसरतो. मऊ पोलादावर भारी गोळी खड्डा पाडते, आणि पुढची गोळी त्या खड्ड्यात पडली की चुरा खड्ड्याच्या कडांवरून वळून मारणाऱ्याकडे येतो. नळाखाली ताट पालथे धरले तर पाणी कडेने निघून जाते आणि चमचा उताणा धरला तर तेच पाणी अंगावर उडते, तसाच हा प्रकार आहे.

समितीतल्या एका फौंड्रीवाल्या सदस्याने नंतर सुचवले की, आपण आपल्याच भट्टीत बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) थाळ्या ओतून घेऊ, एमएसपेक्षा बीड कडक असते. बीड कडक असते हे खरे, पण ते ठिसूळही असते, आणि गोळीच्या आघाताने ते तडकून त्याचेच धारदार टुकडे उडू शकतात. शिशाच्या तुकड्यापेक्षा ते वाईट. हा प्रस्ताव तेथेच सोडून देण्यात आला.

दुर्लक्षित पूर्वसूचना

शिबिराचे पहिले आठवडे फक्त एअर रायफल आणि एअर पिस्तूल वापरले गेले व काहीही घडले नाही. या काही न घडण्यानेच सर्वांना गाफील केले. एअर रायफलचा शिशाचा पेलेट (छोटी गोळी) सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो, तो सेकंदाला 170 मीटरच्या आसपास वेगाने जातो आणि त्याची ऊर्जा सात-आठ ज्यूल भरते. मऊ शिसे थाळीवर चपटे होऊन बहुधा खाली पडते. .22 ची साधी गोळी 2.6 ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे 330 मीटर, म्हणजे ऊर्जा 140 ज्यूलच्या घरात, पेलेटच्या अठरा-वीस पट. पेलेटला निभावलेली चौकट .22 लाही निभावेल, हा निष्कर्ष कोणी मुद्दाम काढला नव्हता; तो आपोआप काढला गेला.

मधल्या काळात एक इशारा मिळाला होता. एका पाहुण्याने गॅसवर चालणारे, पोलादी छर्ऱ्यांचे पिस्तूल आणले आणि त्याच थाळ्यांवर चालवून पाहिले. एक छर्रा परत येऊन मागच्या फ्लेक्सला भोक पाडून गेला. सगळे हसले आणि पिस्तूल पेटीत गेले, पण नोंदवहीत ओळ पडली नाही. असा छर्रा 4.5 मिलीमीटरचा, सुमारे 0.35 ग्रॅमचा असतो आणि त्याचा वेग सेकंदाला शंभर-सव्वाशे मीटर असतो. आकड्यांत तो पेलेटपेक्षाही दुबळा आहे. परंतु तो चपटा होत नाही, फुटत नाही, त्यामुळे आघातात त्याची ऊर्जा फारशी खर्च होत नाही आणि तो अखंड परत येतो. दुबळे हत्यार म्हणजे कमी धोका हा समज पोलादापुढे उलटा पडतो. हीच गोष्ट फार मंद वेगाच्या गोळीलाही लागू आहे: गोळीचा चुरा व्हायला पुरेसा वेग असावा लागतो, नाहीतर ती अर्धवट चपटी होऊन उसळते. म्हणूनच पोलादी टार्गेट बनवणारे फार वेगवान गोळ्यांबरोबर फार मंद गोळ्याही वर्ज्य सांगतात.

घटना

समारोपाला पालकांना बोलावले होते. मुलांचे एअर रायफलचे प्रात्यक्षिक झाल्यावर क्लबच्या एका अनुभवी सदस्याने .22 स्पोर्ट पिस्तुलाने त्याच सहा थाळ्या क्रमाने पाडल्याचे दाखवावे असे ठरले (पाडल्याचे म्हणजे वाजवल्याचे, थाळ्या पक्क्या असल्याने पडणार नव्हत्याच). नेमबाजाने डोळ्यांवर स्पर्धेची गोल काचेची चौकट लावलेली होती. पालक फायरिंग लाइनच्या दोन-अडीच मीटर मागे, उजवीकडे उभे होते, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही डोळ्यांवर काही नव्हते. पहिल्या तीन थाळ्या वाजल्या. चौथ्या बाराबरोबर उजवीकडच्या गृहस्थांनी गालावर हात नेला. कोचने “स्टॉप” दिला, पिस्तूल रिकामे करून टेबलावर ठेवले गेले.

पुढची दहा मिनिटे मात्र कोचने उत्तम हाताळली, हे नमूद केले पाहिजे. कोणीतरी चिमटा आणून तुकडा काढायला पुढे झाले, त्याला त्याने थांबवले. जखमेवर स्वच्छ रुमाल हलका धरून रुग्णाला बसवून गाडीतून रुग्णालयात नेले. हाच तुकडा बोटभर वर लागला असता तर डोळा चोळणे, दाबणे, पाण्याने धुणे आणि तुकडा ओढणे या चारही गोष्टी घातक ठरल्या असत्या. तशा वेळी डोळ्यावर दाब न येता कागदी कपासारखे काहीतरी झाकण धरून नेत्रतज्ज्ञाकडे धाव घेणे एवढेच करायचे असते.

तुकड्याचा मार्ग

डॉक्टरांनी काढलेला तुकडा बाटलीत जपून ठेवला होता. तो मसुराच्या डाळीपेक्षा लहान, पातळ आणि दोनदा दुमडलेला होता. माझ्या पाहणीआधी सगळ्यांची बोटे चौथ्या थाळीच्या खड्ड्यांकडे गेली होती, आणि वरवर पाहता ते साहजिकही होते. पण भिंगाखाली तुकड्याच्या एका घडीत गंजासारखा लाल कण चिकटलेला दिसला. थाळीचा रंग पांढरा होता. लाल होती ती चौकट.

मग चौकट पाहिली. चौथ्या आणि पाचव्या थाळीच्या मधल्या खांबात, अँगलच्या आतल्या काटकोनात, रेडऑक्साइड खरवडले जाऊन शिशाचे ताजे, चकचकीत ओरखडे उमटलेले होते. चौथ्या थाळीवरचा त्या दिवशीचा ठसा उजव्या कडेच्या जवळ होता आणि जुन्या खड्ड्यांपासून दूर होता. मार्ग असा लागला: गोळी थाळीच्या सपाट भागावर फुटली, चुरा अपेक्षेप्रमाणे थाळीला समांतर उजवीकडे सुटला, तेथे हातभरही अंतर न जाता तो उघड्या काटकोनात शिरला, आणि अँगलच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटून त्यातला एक तुकडा आल्या दिशेने नव्हे तर फायरिंग लाइनच्या दिशेने बाहेर पडला. दोन घड्या पडल्या त्या या दोन आघातांच्या. थाळीने आपले काम बऱ्यापैकी केले होते. गोळी परत पाठवली ती चौकटीने.

याची खात्री करण्यासाठी रेंज बंद ठेवून चाचणी घेतली. हजर होते नेमबाज, कोच आणि मी. तिघांच्याही डोळ्यांवर आघातरोधक गॉगल होते, आणि नेमबाज 15 मीटरवरून वाळूच्या गोण्यांच्या आडून मारत होता. फ्रिजच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून थाळीच्या दोन्ही बाजूंना उभे केले, आणि गोळी जाण्यापुरती खिडकी ठेवून एक मोठा पुठ्ठा थाळीच्या तीन मीटर पुढे बांधला. आधी एक सपाट थाळी चौकटीतून काढून एकटीच मागून टेकू देऊन उभी केली. काही बारांनंतर बाजूच्या पुठ्ठ्यांवर, बरोबर थाळीच्या तोंडाच्या रेषेत, ब्लेडने ओढल्यासारखी उभी चीर पडली. ती बोटभरही रुंद नव्हती. पुढच्या पुठ्ठ्यावर एकही भोक नव्हते. खड्ड्यांची थाळी तशीच उभी केली तेव्हा बाजूची चीर फिसकटली आणि पुढच्या पुठ्ठ्यावर तुरळक भोके आली. शेवटी सपाट थाळी पुन्हा अँगलच्या खांबाशेजारी उभी करून कडेला नेम धरला. पुढच्या पुठ्ठ्यावर खांबाच्या बाजूला, छातीच्या आणि चेहऱ्याच्या उंचीवर भोके दिसली. कोच बराच वेळ त्या पुठ्ठ्यासमोर उभा होता. नंतर त्यानेच तो क्लबच्या खोलीत लावायला मागून घेतला.

अंतराचा बचाव

समितीच्या बैठकीत एक मुद्दा आग्रहाने मांडला गेला: प्रॅक्टिकल शूटिंगच्या (हालचाल करत, वेळेशी शर्यत लावून केल्या जाणाऱ्या नेमबाजीच्या) आंतरराष्ट्रीय नियमांत पिस्तुलासाठी पोलादी टार्गेटपासून किमान अंतर 7 मीटर आहे, आम्ही 10 मीटरवर होतो, मग चूक कोठे झाली? हा बचाव मला अजिबात पटत नाही. ते किमान अंतर सपाट, योग्य प्रतीच्या, त्या कामासाठी बनवलेल्या टार्गेटला गृहीत धरून सांगितलेले आहे, आणि तेथे नेमबाज व पंच यांच्या डोळ्यांवर संरक्षण असतेच. भंगारातली प्लेट, पुढे आलेली बोल्टची डोकी आणि उघडा अँगल यांच्यापुढे 7 काय आणि 10 काय, त्या आकड्याला आधारच उरत नाही. अंतर वाढवल्याने परतणाऱ्या तुकड्याचा जोर कमी होतो, त्याची दिशा बदलत नाही.

चष्म्याबद्दलही असाच गैरसमज आढळला. नेमबाजाच्या डोळ्यांवर ‘शूटिंग ग्लासेस’ होत्या असे अहवालात लिहिले होते. त्या चौकटीतली गोल काच नेम स्पष्ट दिसावा म्हणून असते, आणि ती फुटणार नाही असे कोणी लिहून देत नाही. आघातरोधक गॉगल पॉलिकार्बोनेटचे असतात. अमेरिकी झेड 87.1 मानकाच्या उच्च वेगाच्या चाचणीत सुमारे 6 मिलीमीटरची पोलादी गोळी सेकंदाला 45 मीटरच्या वेगाने त्यांच्यावर मारली जाते. युरोपच्या आधीच्या ईएन 166 मानकातही जवळपास तशीच चाचणी होती, आणि आपल्याकडे डोळ्यांच्या संरक्षक साधनांसाठी आयएस 5983 हे मानक आहे. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ग्राइंडिंगवर बसणारा कामगारही गॉगल घालतो, आणि रेंजवर आलेल्या पालकांना तो दिला जात नाही, ही विसंगती कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

बदल

कोचचे मत पोलाद कायमचे बंद करावे असे होते. मी त्याच्याशी सहमत झालो नाही. पोलादी टार्गेटवर जगभर सुरक्षित नेमबाजी चालते. बंदी घातली तर थाळ्या क्लबमधून कोणाच्या तरी शेतघरामागे जातील आणि तेथे विचारणारा कोणीच नसेल. मात्र ज्या रूपात त्या येथे उभ्या होत्या, त्या रूपात त्यांच्यावर आणखी एकही बार टाकू नये, यावर आमचे एकमत झाले.

नव्या थाळ्या 500 ब्रिनेलच्या कडक प्लेटच्या असतील आणि त्या गॅसने कापल्या जाणार नाहीत. अशी प्लेट दोन-अडीचशे अंशांच्या पुढे तापली की तिचे दिलेले पाणी उतरते. गॅसकटिंगमध्ये कडेचा रुंद पट्टा मऊ पडतो आणि बाक येतो तो वेगळाच. म्हणून लेझर किंवा वॉटरजेटने कापून घ्यायचे ठरले. वेल्डिंगही नाही. साखर कारखान्यात वापरून झालेल्या कन्व्हेयर बेल्टच्या पट्ट्यावर प्रत्येक थाळी टांगली जाईल, वरची कड फायरिंग लाइनकडे सुमारे 20 अंश झुकलेली, म्हणजे चुऱ्याचा मोठा भाग जमिनीकडे जाईल आणि थाळी मागे झुलून आघात पचवेल. पट्टा थाळीला जोडणारा बोल्ट अगदी वरच्या कडेला, गोल व चपट्या डोक्याचा असेल.

चौकटीचा अँगल मागे सरकवून त्याचा कोन भरावाकडे वळवला जाईल आणि पुढून पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनच्या जाड फळ्या लावल्या जातील. मऊ लाकडात शिसे रुतून बसते. फळी चाळण झाली की बदलायची. थाळ्यांमधले अंतर वाढवून मध्ये प्लायवूडचे आडोसे येतील. जमिनीचाही प्रश्न होता. थाळ्यांखाली काँक्रीटचा पट्टा होता आणि मागचा भराव मुरमाचा, ज्यात मुठीएवढे दगड सहज सापडत होते. थाळी झुकवून चुरा खाली पाठवायचा आणि खाली काँक्रीट ठेवायचे, याला अर्थ नाही. काँक्रीट फोडून वाळू टाकण्याचे आणि भरावाच्या तोंडावर चाळलेल्या मातीचा थर देण्याचे काम सर्वांत खर्चिक निघाले, आणि त्यावरच सर्वांत जास्त वाद झाला. शेवटी ते मंजूर झाले.

.22 साठी पोलादापासूनचे अंतर 15 मीटर ठरवले आहे. मोठ्या रायफलला या थाळ्यांवर पूर्ण मज्जाव आहे, पोलादी छर्ऱ्यांनाही आहे. प्रत्येक सत्राआधी रेंज ऑफिसर स्टीलची पट्टी थाळीच्या तोंडावर आडवी धरून पाहील आणि दीड मिलीमीटरपेक्षा खोल खड्डा, बाक किंवा तडा दिसल्यास थाळी उतरवील. हा दीड मिलीमीटरचा आकडा आम्ही चर्चेने ठरवला. त्याहून कडक निकष कोणाला हवा असल्यास माझी हरकत नाही. प्रेक्षकांसाठी मागे पॉलिकार्बोनेटचा पडदा येईल, गॉगल मात्र पडद्यामागेही सक्तीचे राहतील. खाली साचणारा शिशाचा चुरा कोरड्या झाडूने झाडायचा नाही, ओल्या पोत्याने गोळा करायचा, आणि रेंजवरून उठल्यावर हात धुतल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही.

मुलांच्या बाबतीत कोचचा आग्रह मान्य झाला: अठराच्या खालील सर्वांसाठी कागद, आणि फार तर लाकडी पेटीत बसवलेले, मागे जाड कापडी पडदा असलेले पडणारे टार्गेट, तेही फक्त शिशाच्या पेलेटवर.

ऑर्डरची नवी चिठ्ठी त्याच फॅब्रिकेटरकडे गेली आहे. तिच्यावर व्यास आणि जाडीच्या आधी ‘उपयोग : बंदुकीच्या गोळीचे टार्गेट’ अशी ओळ आहे, आणि प्लेटचे टेस्ट सर्टिफिकेट मालाबरोबर मागितले आहे. माल आल्यावर एका थाळीची हार्डनेस मी स्वतः तपासणार आहे. जुन्या सहाही थाळ्या भंगारात देण्याआधी गॅसने मधोमध कापून घेतल्या, कारण चौथी थाळी क्लबपर्यंत आली होती ती भंगारातूनच.